शोध व बचावकार्य : पहिले तास गावाचे

दिनांक ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराच्या मातीखाली गाडले गेले. गावातील वीज, दूरध्वनी आणि बोलणारी माणसे एकाच वेळी नाहीशी झाल्यामुळे मदतीची हाक देण्यास कोणी उरले नव्हते. नेहमीच्या फेरीवर आलेल्या राज्य परिवहन मंडळाच्या बसचालकाला समोर गावच दिसेना, तेव्हा त्याने ही वार्ता बाहेर कळविली आणि शासकीय यंत्रणा हलली. या दुर्घटनेत १५१ जणांचा मृत्यू झाला.

माळीणनंतर महाराष्ट्राने आणखी काही दरडी, पूर आणि इमारतींचे अपघात पाहिले. प्रत्येक वेळी अधिकारी, जवान, डॉक्टर आणि स्वयंसेवक यांनी जिवाची पर्वा न करता काम केले. शौर्याची उणीव या राज्यात कधीच भासली नाही. उणीव भासली ती वेळेवर मिळणाऱ्या माहितीची, कामाच्या ठरलेल्या वाटपाची आणि हाताशी असलेल्या साध्या साधनांची. या तीनही गोष्टी आपत्ती येण्यापूर्वी, शांत दिवसांत तयार करता येतात. हे काम ज्यांच्या हाती आहे त्या ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांसाठी या विषयाची ओळख येथे करून दिली आहे.

वेळेचे गणित

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये मंजूर झाला आणि त्यानुसार २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची उभारणी झाली. या दलाची पाचवी वाहिनी पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. राज्यानेही स्वतःचे आपत्ती प्रतिसाद दल उभे केले आहे. ही दले सुसज्ज आणि प्रशिक्षित आहेत. तथापि, कोणतेही दल आपल्या तळापासून घटनास्थळापर्यंतचे अंतर पुसून टाकू शकत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्याच्या तळिये गावावर दरड कोसळली. त्याच दिवशी महाड शहर आणि आसपासचे रस्ते पुराच्या पाण्याखाली होते. बचाव पथके गावात पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. तोवर माती उपसत होते ते गावकरी आणि शेजारच्या वाड्यांतील लोक. दरड ज्या पावसाने कोसळते तोच पाऊस रस्ता बंद करतो, विजेचे खांब पाडतो आणि हेलिकॉप्टरला जमिनीवर बसवून ठेवतो. म्हणून डोंगराळ भागात बाहेरची मदत उशिरा पोहोचेल हे अपवाद न मानता नियम मानूनच योजना आखली पाहिजे.

जपानसारख्या साधनसंपन्न देशाचा अनुभवही निराळा नाही. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहर व परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे ३५,००० माणसे ढिगाऱ्यांखाली अडकली. त्यांपैकी सुमारे २७,००० जणांना शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी बाहेर काढले. पोलीस, अग्निशमन दल आणि सैन्य यांनी काढलेल्यांची संख्या सुमारे ८,००० होती. अडकलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता तासागणिक घटत जाते. साहजिकच जो सर्वांत जवळ आहे, तोच सर्वांत अधिक जीव वाचवू शकतो. गावाने पहिले काही तास आपले मानले पाहिजेत ते याच कारणासाठी.

बेपत्ता कोण, हे कसे कळावे?

शोधकार्याचा पहिला प्रश्न 'कुठे खणावे' हा असतो, आणि त्याचे उत्तर 'कोण सापडत नाही' या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असते. १९ जुलै २०२३ रोजी रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. या आदिवासी वाडीत ४३ कुटुंबे आणि २२८ माणसे होती. शोधकार्य चार दिवस चालले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडले नाहीत आणि १४४ जण हयात असल्याची खात्री झाली. हा हिशेब जुळविण्यासाठी घरोघरची माहिती गोळा करावी लागली. आदिवासी वाड्यांतील काही मुले आश्रमशाळेत राहतात, काही माणसे मजुरीसाठी परगावी असतात, कोणी नातलगाकडे गेलेले असते. नोंदवहीतील नाव आणि त्या रात्री घरात असलेली व्यक्ती यांत पुष्कळ अंतर पडू शकते.

मोकळ्या घरावर दहा माणसांनी सहा तास खणले आणि शेजारचे भरलेले घर तसेच राहिले, तर त्या चुकीची भरपाई होत नाही. यासाठी धोक्याच्या प्रत्येक गावाने आणि वाडीने पावसाळ्यापूर्वी एक 'घरयादी' तयार करावी. तीत पुढील गोष्टी असाव्यात : घराचा क्रमांक व कुटुंबप्रमुखाचे नाव, घरात प्रत्यक्ष राहणाऱ्यांची संख्या, वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, गरोदर स्त्रिया आणि अपंग व्यक्ती, बाहेरगावी शिकणारी मुले व कामासाठी गेलेली माणसे, आणि घरात झोपण्याची जागा कोणत्या बाजूस आहे याची नोंद. शेवटची बाब अनेकांना क्षुल्लक वाटेल. परंतु दरडी व भूकंप रात्री आले की माणसे सापडतात ती झोपण्याच्या जागी.

या यादीसोबत वाडीचा हाताने काढलेला नकाशा जोडावा. त्यात घरे, विहिरी, पायवाटा, ओढे, मोठी झाडे आणि शाळा दाखवावी. माती घसरल्यावर घराची खूण उरत नाही. एखादे मोठे झाड किंवा विहीर उरली, तर तेथून मोजून घराची जागा काढता येते. यादी व नकाशा यांची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पोलीस पाटलाकडे, एक तहसील कार्यालयात आणि एक शेजारच्या गावात ठेवावी. गावातील एकमेव प्रत गावाबरोबरच गाडली गेली तर तिचा उपयोग काय?

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. दरडप्रवण गावांची जी यादी शासनाकडे होती, तीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. भूशास्त्रज्ञांची यादी मोलाची असते, पण ती पूर्ण असतेच असे नाही. डोंगर उतारावर वसलेल्या गावाने आपले नाव यादीत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, घराच्या भिंतींना तडे जाऊन दारे अडकणे, ही चिन्हे दिसताच तहसील कार्यालयास कळवावे आणि घरे मोकळी करावीत. ज्याला शोधावे लागत नाही तोच खऱ्या अर्थाने वाचलेला असतो.

आज्ञा एकाची, कामे वाटलेली

दुर्घटनेच्या ठिकाणी मदतीला आलेल्या माणसांची गर्दी होते. पोलीस, महसूल कर्मचारी, अग्निशमन जवान, डॉक्टर, स्वयंसेवी संस्था, गिर्यारोहक आणि नातेवाईक असे सर्वजण एकाच वेळी धावपळ करू लागतात. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो, पण एकाने उपसलेली माती दुसऱ्याच्या कामाच्या जागी पडते आणि जखमींना नेण्याची एकमेव वाट वाहनांनी अडते.

ही अडचण ओळखून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये 'घटना प्रतिसाद प्रणाली'ची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या पद्धतीचे मूळ १९७० च्या दशकात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात लागलेल्या मोठ्या वणव्यांच्या अनुभवात आहे. अनेक खात्यांची पथके एकाच आगीवर काम करीत होती, पण त्यांची भाषा, हुकूम आणि बिनतारी यंत्रणा निरनिराळ्या होत्या. आपल्याकडील पद्धतीत जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असून तालुका पातळीवर सामान्यतः तहसीलदार घटना नियंत्रक म्हणून काम पाहतात. त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष कारवाई, नियोजन आणि पुरवठा अशा तीन शाखा असतात. प्रत्येक माणसाला एकच वरिष्ठ आणि प्रत्येक वरिष्ठाच्या हाताखाली सांभाळता येतील इतकीच माणसे, हे तिचे सूत्र होय.

तहसीलदार येईपर्यंत हीच पद्धत गावाला लहान प्रमाणावर वापरता येते. सरपंच किंवा पोलीस पाटील यांपैकी एकाने सूत्रे घ्यावीत आणि ते कोणी घ्यायचे हे ग्रामसभेत आधीच ठरावे. दोघेही गावात नसतील तर तिसरी व्यक्ती कोण, हेही ठरलेले असावे. ज्यांना गाव अजूनही तलाठी आणि ग्रामसेवक म्हणून ओळखते, त्या अधिकाऱ्यांकडे यादी व नोंदी द्याव्यात. कोणते घर तपासले, किती वाजता, कोण सापडले आणि त्यास कोठे पाठविले हे लिहून ठेवण्याचे काम एका माणसाने सतत करावे. बाहेरचे दल आल्यावर त्याच्या प्रमुखाच्या हाती ही वही देणे म्हणजे त्याचा निम्मा वेळ वाचविणे होय.

संकेतही सर्वांना एकच असावेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या छत्राखाली १९९१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शोध व बचाव सल्लागार गटाने शिट्टी किंवा भोंग्याचे तीन संकेत ठरविले आहेत. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे ताबडतोब बाहेर पडा. एक लांब शिट्टी म्हणजे काम थांबवा, शांतता पाळा. एक लांब व एक आखूड शिट्टी म्हणजे काम पुन्हा सुरू करा. हे संकेत शाळेतील मुलांनाही पाच मिनिटांत शिकविता येतात, आणि देशोदेशीची पथके तेच वापरतात.

बचाव करणाऱ्यांची सुरक्षा हाही नियोजनाचा भाग आहे. इर्शाळवाडीची चढण चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. एकदा घसरलेला उतार पुन्हा घसरू शकतो. म्हणून ढिगाऱ्यावर काम चालू असताना एका माणसाने काहीही न खणता केवळ वरच्या उतारावर नजर ठेवावी आणि धोका दिसताच तीन शिट्ट्या द्याव्यात. काम करणाऱ्यांना ठरावीक वेळाने विश्रांती, पाणी आणि अन्न मिळावे. थकलेला माणूस घाई करतो, आणि ढिगाऱ्यावर घाई घातक ठरते.

ढिगारा कसा, तसा शोध

सर्व ढिगारे सारखे नसतात. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे पाच मजली इमारत कोसळली. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत पडलेल्या लाद्या व खांब यांच्या आधाराने मधे पोकळ्या राहतात. अशाच पोकळीतून १८ तासांहून अधिक काळानंतर चार वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर काढण्यात आला, आणि त्यानंतरही काही तासांनी एका वृद्ध महिलेला वाचविण्यात यश आले. अशा ठिकाणी वरून यंत्राने ढिगारा ओरबाडणे चुकीचे असते. लाद्यांना आधार देत, बाजूने वाट काढत पोकळ्या शोधाव्या लागतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाची स्थिती वेगळी होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी घरे होती. ती कोसळल्यावर पोकळ्या फार थोड्या राहिल्या आणि मातीने श्वास कोंडला. दरडीच्या ओल्या चिखलात तर पोकळी जवळजवळ नसतेच. अशा ठिकाणी पहिल्या तासांचे महत्त्व कितीतरी वाढते. माळीणमध्ये मात्र एक आई आणि तिचे तान्हे मूल ढिगाऱ्यातून जिवंत निघाले, हे लक्षात ठेवून कोणतीही जागा न तपासता सोडू नये.

साधा पण अत्यंत परिणामकारक उपाय म्हणजे शांतता. दर काही वेळाने एक लांब शिट्टी द्यावी, यंत्रे बंद करावीत, बोलणे थांबवावे. ढिगाऱ्याभोवती माणसे उभी करून एकेकाने मोठ्याने हाक द्यावी, भिंतीवर किंवा नळावर ठोकावे आणि सर्वांनी कान देऊन ऐकावे. आवाज कोणत्या बाजूने आला हे प्रत्येकाने हाताने दाखवावे. जेथे या दिशा मिळतात, तेथे खणण्यास सुरुवात करावी. अडकलेला माणूस सापडला तरी त्यास ओढून काढू नये. बराच वेळ दबलेला हात किंवा पाय एकदम मोकळा झाल्यास विषारी द्रव्ये रक्तात मिसळून जीव धोक्यात येतो. त्याच्याशी बोलत राहावे, तोंडावरील माती दूर करावी आणि शक्य असेल तर डॉक्टर येईपर्यंत भार हळूहळू कमी करावा.

पाण्यातील शोध

२ ऑगस्ट २०१६ रोजी रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला. राज्य परिवहनच्या दोन बसगाड्या आणि अन्य वाहने नदीत पडली. नदीला पूर, पाणी गढूळ आणि पात्रात मगरींचा वावर अशा स्थितीत राष्ट्रीय दल, नौदल व तटरक्षक दल यांनी शोध घेतला. बुडालेली वाहने शोधण्यासाठी क्रेनला बांधलेले वजनदार लोहचुंबकही पाण्यात सोडण्यात आले. काही मृतदेह नदीच्या मुखाकडे दूरवर वाहत गेले होते. वाहत्या पाण्यात शोधाचे क्षेत्र प्रत्येक तासाला वाढते, हा या घटनेचा धडा आहे. पूर आलेल्या नदीवर अपघात झाला की खालच्या बाजूच्या गावांना त्याच क्षणी कळविले पाहिजे. तेथील कोळी व नावाडी यांना प्रवाह, भोवरे आणि वाहून आलेली वस्तू कोठे अडकते याचे ज्ञान असते.

८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. सुटकेचे साधनच संकट बनू नये यासाठी प्रत्येक होडीवर माणसांची मर्यादा ठळक रंगाने लिहावी, जीवरक्षक जाकिटांची संख्या तितकीच असावी आणि काठावर मोजणी करणारा एक माणूस उभा असावा. बुडणाऱ्यास वाचविताना पाण्यात उडी घेणे हा शेवटचा मार्ग आहे. आधी काठी किंवा बांबू पुढे करावा, तो न पुरल्यास दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेकावी, त्यानंतर होडी न्यावी.

यंत्रांचे साहाय्य आणि त्यांची मर्यादा

आज बचाव पथकांकडे लांब दांडीवरचे कॅमेरे, ढिगाऱ्याखालील हालचाल व ठोके ऐकणारी उपकरणे, काँक्रीट कापणारी यंत्रे, प्रशिक्षित श्वान, उपग्रह दूरध्वनी आणि आकाशातून पाहणी करणारे ड्रोन उपलब्ध आहेत. समुद्रात जाणाऱ्या मच्छीमार नौकांसाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने तयार केलेले संकटसूचक उपकरण २०१० पासून वापरात आहे. संकटात बटण दाबले की नौकेचे स्थान उपग्रहामार्फत किनाऱ्यावर समजते. ही साधने शोधाचे क्षेत्र कमी करतात आणि वेळ वाचवितात.

परंतु प्रत्येक यंत्राला चालण्यासाठी जागा, वीज आणि वाट लागते. इर्शाळवाडीला वाहन जाण्याजोगा रस्ता नव्हता. जड यंत्रे वर नेणे शक्य झाले नाही आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरचा उपयोग झाला नाही. जवानांनी आणि गिर्यारोहकांनी हाताने माती उपसली. ऐकण्याचे उपकरण पोकळीत उपयोगी पडते, ओल्या चिखलात नव्हे. ड्रोनला जोराचा पाऊस व धुके चालत नाही. यंत्राची निवड करताना त्या गावाची जमीन, वाट आणि पाऊस यांचा विचार प्रथम व्हावा.

गावासाठी खरी गरज एका कुलूपबंद कपाटाची आहे. त्यात टिकाव, फावडी, घमेली, पहारी, कुऱ्हाड, हातकरवत, जाड दोर, मोटारीचे जॅक, विजेऱ्या, शिट्ट्या, ध्वनिवर्धक, प्रथमोपचार पेटी आणि जखमींना नेण्यासाठी डोलीचे बांबू व चादरी असाव्यात. किल्ल्या निदान तिघांकडे असाव्यात. कपाट ओढ्याकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी नसावे. दर्शनी भागावर दूरध्वनी क्रमांक रंगवावेत : आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन दल १०१, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७ आणि किनारपट्टीच्या गावांसाठी तटरक्षक दल १५५४. भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडल्यास निरोप कोण, कोणत्या वाटेने आणि कोठे नेईल, हेही ठरवून ठेवावे. माळीणची वार्ता योगायोगाने बाहेर पडली. पुढील वेळी असा योगायोग घडेलच असे नाही.

शाळेचे स्थान

खेड्यात सर्वांना ठाऊक असलेली, पटावर घरोघरची नावे असलेली आणि संकटात लोक धाव घेतात अशी जागा म्हणजे शाळा होय. घरयादी व नकाशा तयार करणे हा सहावी-सातवीच्या मुलांसाठी भूगोल व परिसर अभ्यासाचा उत्तम पाठ ठरू शकतो. मुले ज्या घरांत जातात तेथील आजीला चालता येत नाही, हे त्यांना कोणत्याही कार्यालयापेक्षा आधी माहीत असते. आश्रमशाळेने आपल्या विद्यार्थ्यांची गाववार यादी तहसील कार्यालयास दिल्यास बेपत्तांच्या हिशेबातील मोठी अनिश्चितता दूर होईल. शाळेची इमारत आश्रयस्थान म्हणून निवडण्यापूर्वी मात्र ती स्वतः सुरक्षित जागी आहे काय, हे तपासून घ्यावे.

मे महिन्यातील एक दिवस

योजना कागदावर असते तोवर ती अपूर्णच असते. प्रत्येक ग्रामपंचायतीने मे महिन्यात एक दिवस सरावासाठी ठेवावा. सायंकाळी अंधार पडल्यावर शिट्टी वाजवावी, वीज गेली आहे आणि रस्ता बंद आहे असे गृहीत धरावे. किती वेळात माणसे ठरलेल्या जागी जमली, घरयादीशी मोजणी जुळली काय, कपाटाची किल्ली सापडली काय, विजेरीत सेल होते काय, शेजारच्या गावात निरोप किती वेळात पोहोचला, हे लिहून ठेवावे. ज्या गोष्टी चुकल्या त्या जूनपूर्वी दुरुस्त कराव्यात. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी या सरावास उपस्थित राहिल्यास गावाला त्यांचे आणि त्यांना गावाचे चेहरे परिचित होतील. संकटाच्या रात्री अनोळखी आवाजापेक्षा ओळखीचा आवाज लवकर ऐकला जातो.

या सर्व तयारीला मोठा निधी लागत नाही. एक वही, एक नकाशा, एक कपाट आणि गावाने एकत्र घालविलेली एक संध्याकाळ एवढीच तिची किंमत आहे. सह्याद्रीच्या उतारावरील आणि नद्यांच्या काठावरील प्रत्येक वस्तीने ती येत्या पावसाळ्यापूर्वी मोजावी. मग मदतीचे दल घाट चढून येईल, तेव्हा त्याच्या हाती कोणाला कोठे शोधायचे याची लिहिलेली वही असेल, आणि त्या वहीतील काही नावांपुढे गावाने आधीच 'सापडला, सुखरूप' असे लिहिलेले असेल.